मॅप-ई अपडेट: कागदावर २४० पोर्ट, हातात १६

मॅप-ई म्हणजे आयपीव्ही६ च्या टनेलमधून आयपीव्ही४ नेणारी आणि एकच आयपीव्ही४ पत्ता पोर्ट वाटून अनेक घरांना देणारी पद्धत. आमच्या चाचणीत तिच्यावर काही पानं अर्धवटच उघडत होती, ते कोडं अखेर सुटलं. एमटीयू (पॅकेटचं कमाल माप) निर्दोष आहे: १५०० मधून टनेलच्या हेडरचे ४० बाइट वजा जाता १४६०, एमएसएस (त्यात मावणारा टीसीपी डेटा) १४२०, दोन्ही चोख. घोळ ओपनडब्ल्यूआरटी या राउटर-प्रणालीची मॅप स्क्रिप्ट जे एसनॅट (बाहेर जाणाऱ्या पॅकेटचा सोर्स पत्ता आणि पोर्ट बदलणारे) रूल लिहिते त्यांत आहे.

मांडणी अशी. एका आयपीव्ही४ पत्त्यावर २५६ घरं, पीएसआयडी (घराचे पोर्ट ठरवणारा क्रमांक) ८ बिट, ऑफसेट (पोर्टच्या आकड्यात त्याच्या आधी येणारे बिट) ४. म्हणजे दर घराला १६ पोर्टांचे १५ तुकडे. जपानमधल्या कितीतरी घरगुती जोडण्या अशाच आहेत. चाचणीच्या घराचा पीएसआयडी ५२, म्हणून पहिला तुकडा ४९२८ ते ४९४३, दुसरा ९०२४ ते ९०३९, असं करत शेवटचा ६२२७२ ते ६२२८७.

आता चित्रांनी भरलेलं, फक्त आयपीव्ही४ वर असलेलं पान उघडा आणि कॉनट्रॅकची, म्हणजे लिनक्सच्या कनेक्शन-नोंदींची, यादी बघा. परतीच्या बाजूचा एकूण एक पोर्ट ४९२८ ते ४९४३ मध्येच! रूलना काउंटर लावले तर पहिला धावतोय, बाकीचे चौदा शून्यावर. स्क्रिप्ट तुकड्यागणिक एक रूल लिहिते, पण एसनॅट लागला की चेन तिथेच संपते. ते १६ पोर्ट भरले की नवं कनेक्शन पुढच्या तुकड्याकडे न जाता तिथेच मरतं.

मग काही साइट सुरळीत कशा चालतात? लिनक्स तोच पोर्ट दुसऱ्या सर्व्हरसाठी पुन्हा वापरतो. १६ ची मर्यादा एका सर्व्हरच्या एका पोर्टपुरती, त्यामुळे एकाच ठिकाणाहून ढीगभर चित्रं ओढणारं पान नेमकं अडकतं. शिवाय बंद झालेल्या कनेक्शनची नोंद टाइम-वेटमध्ये १२० सेकंद रेंगाळते.

उपाय: एसनॅटच्या आधी नमजेन या ओळीने आकडे देणाऱ्या सोयीने १ ते १५ असा फिरता मार्क (पॅकेटवरची खूण) लावायचा आणि प्रत्येक रूल एकेका मार्कला बांधायचा. टीसीपी, यूडीपी आणि आयसीएमपी, तिन्हींसाठी. आयसीएमपीचा आयडीसुद्धा पीएसआयडीतच बसावा लागतो. बदल स्क्रिप्टमध्येच करा, हाताने घातलेले रूल इंटरफेस पुन्हा उठला की जातात. एमवॅन३ (अनेक इंटरनेट जोडण्या सांभाळणारं पॅकेज) असेल तर तेही मार्क वापरतं, म्हणून मार्कचा मास्क आधी तपासा. आता पंधराही काउंटर हातात हात घालून चढताहेत, बघत बसावं असं दृश्य!

बॉर्डर रिलेला, म्हणजे टनेलच्या पलीकडच्या टोकाला, व्हीपीपी हे पॅकेट हाताळणारं सॉफ्टवेअरच ठेवतोय. एक अख्खा कोर सतत १०० टक्के खातो, पण सिक्युरिटी चेक चालू असला की चुकीच्या पोर्टचं पॅकेट बिनदिक्कत फेकतो. बेंचवर असाच कडक गडी हवा.

ऑफसेट ६ चा बेत रद्द. त्यात ४ पोर्टांचे ६३ तुकडे, एकूण २५२. फायदा फक्त १२ पोर्टांचा, आणि पॅच नसलेल्या राउटरवर हातात उरतात चार. त्यापेक्षा पीएसआयडी ६ बिट करू: पत्त्यामागे ६४ घरं, घरामागे ९६० पोर्ट. ईए बिट (घराच्या आयपीव्ही६ पत्त्यातले, आयपीव्ही४ चा शेवट आणि पीएसआयडी सांगणारे) १६ वरून १४ होतील, रूल राउटर आणि रिले दोन्हीकडे बदलायला विसरू नका.

हे लिहितानाच सुचलं: यूडीपीला फिरता मार्क नकोच. गेमचं एकच सॉकेट दोन सर्व्हरांशी बोलताना दोन तुकड्यांत फाटतं. तिथे सोर्स पत्ता आणि सोर्स पोर्ट यांचा जेहॅश (त्यांच्यावरून निघणारा, दर वेळी तोच येणारा आकडा), मॉड १५ अधिक १. टीसीपी नमजेनवरच राहील. पुढची चाचणी दोन स्टन सर्व्हरांवर (आपला बाहेरचा पत्ता आणि पोर्ट सांगणारे): बाहेरचा पोर्ट दोघांना एकच दिसतो का, ते बघायचं.