तुम्ही विचारलेत म्हणून: नोकरी सोनेगावच्या विमानतळावर, घर केळझरच्या आत

विमानतळावर नोकरी आहे, तर तू नागपुरात का राहत नाहीस, हा प्रश्न मला माहेरी विचारला जातो, ड्यूटीच्या खोलीत नव्याने आलेल्या मुली विचारतात आणि गावातल्या बायकाही विचारतात, त्यांच्या प्रश्नात काळजी असते आणि थोडा ठपकाही असतो. आजवर समोरचे माणूस पाहून मी उत्तर दिले. कुणाला शेतीचे कारण सांगितले, कुणाला सासू-सासऱ्यांचे, कुणाला नागपुरातल्या घरभाड्याचे. यातले एकही कारण खोटे नव्हते, पण ज्या कारणाने आम्ही शहरातले बिऱ्हाड मोडून परत आलो ते मी कुणालाच नीट सांगितलेले नाही. ते इथे लिहिते आहे.

आमचे गाव वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, केळझरहून आत वळणाऱ्या रस्त्यावर आहे. दारापासून विमानतळापर्यंत 45 ते 50 किलोमीटर पडतात. पहाटेच्या पहिल्या विमानाचा काउंटर उघडायचा असेल तर रात्री दोनच्या सुमारास मला गाडी काढावी लागते. मेट्रोचे स्थानक विमानतळाजवळ आहे, असे मला आवर्जून सांगितले जाते. पण सकाळची पहिली मेट्रो सुटते तोवर माझे पहिले विमान उडालेले असते. सिंदी रेल्वेहून गाडी पकड म्हणणाऱ्यांनी त्या वेळी सिंदीला कोणती गाडी थांबते तेवढे एकदा पाहावे. रात्रपाळीच्या बायकांना कंपनीची गाडी घरी सोडते खरी, पण तिची हद्द शहरापुरती आहे.

नोकरी लागली तेव्हा नागपुरात राहण्याचा आग्रह माझाच होता. मी यांच्यासमोर वही घेऊन बसले होते. एका बाजूला बेसा भागातल्या दोन खोल्यांचे भाडे आणि दुसऱ्या बाजूला रोजचे पेट्रोल, गाडीची झीज, माझी झोप आणि रात्रीच्या रस्त्याची भीती, असा तो हिशेब होता. तेव्हाच्या माझ्याशी मी आजही मनातल्या मनात वाद घालते, आणि तिचा एकही आकडा मला खोडता येत नाही. पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून जाऊन-येऊन पाचशे रुपयांच्या आसपास खर्च येतो, म्हणजे महिन्याचे पेट्रोल त्या खोल्यांच्या भाड्याहून जास्त होते. पैशाच्या बाजूने माझा निर्णय टिकत नाही. ज्यांना तेवढेच ऐकायचे असेल त्यांनी इथेच थांबले तरी चालेल.

आम्ही बेशाला राहिलो. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. हे पेरणीपासून कापूस निघेपर्यंत बहुतेक गावीच असत आणि मधल्या काळात येऊन-जाऊन राहत. माझी रात्रीची ड्यूटी असली की शेजारच्या काकू आमच्याकडे झोपायला येत. त्या माउलीविषयी माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काहीही नाही, हे आधीच सांगते.

डिसेंबर अखेरची गोष्ट. मी निघाले तेव्हा मुलीचे अंग जरा कोमट होते. औषध दिले, काकूंना दाखवले आणि गेले. त्या पहाटे विमानतळावर दाट धुके उतरले आणि दृश्यमानता इतकी कमी झाली की पहिली विमाने जागची हलेनात. असे झाले की सगळा राग काउंटरवर येतो. ज्यांचे मुंबईहून पुढचे विमान होते ते ओरडत होते, चाकाच्या खुर्चीवरच्या एक आजी पुन्हा पुन्हा पाणी मागत होत्या, एक गृहस्थ माझ्या नावाच्या पट्टीचा फोटो काढत होते. काउंटरवर फोन हातात धरलेला चालत नाही, त्यामुळे माझा फोन आवाज बंद करून खणात ठेवलेला होता.

त्याच वेळी बेशाच्या खोलीत मुलीचा ताप चढला आणि तिला झटका आला. काकूंनी मला फोन लावले, मी उचलले नाहीत. मग त्यांनी यांना फोन लावला, आणि यांनी पहिल्याच रिंगला उचलला, कारण हे जागे होते. त्या आठवड्यात आमच्या भागात शेतीपंपाची वीज रात्रीची होती, म्हणून हे वावरात गव्हाला पाणी देत होते. काकूंच्या मुलाने स्कूटरवरून दोघींना जवळच्या दवाखान्यात नेले. हे अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी मोटरसायकलवर निघाले आणि त्याच धुक्यातून, बुटीबोरीच्या ट्रकांच्या रांगेतून नागपूरला आले.

मी फोन पाहिला तेव्हा बराच वेळ गेला होता. शिफ्टच्या प्रमुखांना सांगितले. ते म्हणाले, "एवढे विमान निघू दे, मग लगेच जा." त्यांच्यावर मी आज चिडत नाही. माझी जागा घ्यायला माणूस नव्हता, आणि त्या विमानाचे प्रवासी खोळंबलेले होते हेही खरे होते. पण विमान निघायला आणखी पाऊण तास गेला, आणि त्या पाऊण तासात मी हसऱ्या चेहऱ्याने लोकांना खिडकीजवळची जागा देत होते, हे मी विसरू शकलेले नाही.

दवाखान्यात पोचले तर हे आधीच तिथे होते. मुलीला सलाइन लावून झोपवले होते. लहान मुलांना तापात असा झटका कधी कधी येतो, बहुतेक वेळा तो आपोआप थांबतो आणि मागे काही ठेवत नाही, असे डॉक्टरांनी मला शांतपणे समजावले, आणि पुढे तसेच झाले. भरतीच्या कागदावर यांची सही होती. थंडीने बोटे आखडल्यामुळे पेन नीट धरता आला नव्हता आणि ती सही यांची वाटतच नव्हती. मी त्या सहीकडे पाहत उभी होते. मुलगी माझ्यापासून सात-आठ किलोमीटरवर होती आणि तिचे बाबा पन्नासहून अधिक किलोमीटरवर, तरी तिच्याजवळ आधी तेच पोचले.

हे मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. मुलीने डोळे उघडून आजी कुठे आहे असे विचारले.

नागपुरात राहायचे ते कशाच्या जवळ राहायचे, याचा विचार मी त्यानंतर पहिल्यांदा केला. मी काउंटरच्या जवळ राहत होते. माझ्या ड्यूटीच्या वेळेत मुलीच्या जवळ कुणी असावे, हे मात्र त्या घराच्या अंतरावर अवलंबूनच नव्हते, कारण ड्यूटीवर असताना मी विमानतळासमोर राहिले काय आणि गावी राहिले काय, सारखीच दूर असते. गावच्या घरात सासूबाई आहेत, मामाजी, म्हणजे माझे सासरे, आहेत, जाऊबाई आहेत, आणि हे रात्री जागलीवर असले तरी हाकेच्या अंतरावर असतात. पाच माणसांनी आपापल्या जागी राहावे आणि एकटीने रस्ता काटावा, असे मी ठरवले. ठरवले मी, यांनी नाही. हे लिहिणे भाग आहे, कारण "नवऱ्याच्या शेतीपायी बाईची फरफट" असे माझ्याविषयी बोलले जाते आणि ते मला फार लागते.

रस्ता सोपा आहे असे मी म्हणणार नाही. गावापासून केळझरपर्यंतच्या अरुंद रस्त्यावर रानडुकरे आडवी येतात. बोरचे जंगल लांब नाही, त्यामुळे वाघाच्या बातमीने अधूनमधून सगळा परिसर धास्तावतो. पण मला जनावरांपेक्षा कापसाच्या ट्रॅक्टरची भीती अधिक वाटते. दिवाळीनंतर जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॉल्या रात्रीही रस्त्यावर असतात, कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि मागे ना दिवा असतो ना चमकणारी पट्टी. गाडीच्या उजेडात आधी नुसता पांढरा ढीग दिसतो आणि तो पुढे चालला आहे हे कळेपर्यंत आपण फार जवळ आलेलो असतो. निघताना मामाजी दारात येऊन "हळू जाजो, पोचल्यावर फोन करजो" म्हणतात आणि माझा फोन येईपर्यंत झोपत नाहीत. म्हणजे माझ्या रस्त्याची झळ मला एकटीलाच बसते असेही नाही.

समृद्धी महामार्ग 2022 च्या डिसेंबरात सुरू झाला तेव्हा आता तुझा प्रश्न मिटला असे मला अनेकांनी सांगितले. तो शिवमडक्याला संपतो आणि शिवमडका विमानतळापासून जवळ आहे, हे खरे. पण आमच्या गावाहून त्यावर चढायला आधी वळसा घ्यावा लागतो, वर टोल आहे, आणि रात्री दोन वाजता जुना वर्धा रोडही मोकळाच असतो.

माझ्या निर्णयाची खरी परीक्षा 2024 मध्ये झाली. धावपट्टीच्या कामासाठी ती दिवसाचे बरेच तास बंद ठेवली जाई, त्यामुळे सगळी विमाने सकाळी आणि संध्याकाळनंतर एकवटली आणि आमच्या पाळ्यांचे दोन तुकडे झाले. मधल्या वेळात गावी येऊन परत जाणे शक्य नव्हते. मी सोमलवाड्यातल्या एका मैत्रिणीच्या खोलीवर पडून राहत असे. तेव्हा मुलगी दिवसेंदिवस मला झोपलेलीच दिसे. त्या महिन्यांत वहीवाली मी मनात रोज जिंकत होते, आणि आजही मी तिला पूर्ण हरवले आहे असे म्हणत नाही.

आता प्रश्न पुन्हा उघडला आहे. गावची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत आहे. पुढे मुलीला सेलूला पाठवायचे की आणखी कुठे, यावर घरात बोलणे चालू आहे. बुटीबोरी मध्यावर पडते, तिथे शाळा आहेत आणि तिथून विमानतळ अर्ध्या तासात गाठता येतो, असे यांनीच एकदा सुचवले. मामाजींचे गुडघे गेले आहेत आणि ते आले नाहीत तर सासूबाई येणार नाहीत. त्या आल्या नाहीत तर बेशाचेच घर पुन्हा बुटीबोरीत उभे राहील. तेव्हा बुटीबोरीला तळमजल्यावरच्या, पाच-सहा माणसे मावतील अशा भाड्याच्या खोल्या कुणाच्या पाहण्यात असतील तर मला अवश्य कळवा. पाहायला मी येईन, राहायला येईनच असे आज सांगत नाही.