देव काढला, गादी ठेवली

विवेकवादी संघटनांना चिमटा काढायचा असला की हुकमी वाक्य येतं: "तुमचाही एक पंथच झालाय." पण पंथ होतो म्हणजे नेमकं काय होतं? ऑग्यूस्त कोंत या फ्रेंच विचारवंताचं उदाहरण बघा. बाकीच्यांच्या हातून नकळत घडतं ते त्याने ठरवून, आकडे मांडून केलं.

समाजशास्त्र हा शब्द रूढ केला तो यानेच. देवाधर्माचा टप्पा माणसाने ओलांडला, आता विज्ञानाचा काळ, ही त्याची मांडणी. पण लोकांना बांधून ठेवणारी चर्चची यंत्रणा त्याला हवीच होती. मग देवाच्या जागी 'मानवता' बसवून त्याने नवा धर्म उभा केला.

१८४९ साली त्याची दिनदर्शिका आली. प्रत्येकी २८ दिवसांचे १३ महिने, म्हणजे ३६४ दिवस. उरलेला एक दिवस सगळ्या मृतांचा, लीप वर्षातला जादा दिवस पुण्यशील स्त्रियांचा. दर महिना सोमवारी सुरू, त्यामुळे तारीख आणि वार कायम जुळलेले. महिन्यांना नावं मोझेस, होमर, ॲरिस्टॉटल, आर्किमिडीज अशी, आणि रोज एका थोर व्यक्तीचं स्मरण. पहिल्याच महिन्यात बुद्धालाही एक रविवार आहे. येशू मात्र नाही!

संस्कार नऊ. जन्मल्यावर बाळाला समाजापुढे आणायचं, १४ व्या वर्षी शिक्षणाची दीक्षा, २१ व्या वर्षी प्रवेश, २८ व्या वर्षी व्यवसायनिश्चिती, मग विवाह, ४२ ला प्रौढत्व, ६३ ला निवृत्ती, मृत्यू. मृत्यूनंतर सात वर्षांनी त्या माणसाच्या आयुष्याचा निवाडा, आणि लायक ठरला तर मंदिराभोवतालच्या राईत त्याचे अवशेष हलवायचे. सोळा संस्कारांच्या देशात नऊचं नवल वाटायला नको. रोजची प्रार्थना तीन वेळा मिळून दोन तास. इंग्लिश जीवशास्त्रज्ञ हक्स्लीने १८६९ मध्ये याला ख्रिस्ती धर्म वजा केलेलं कॅथलिकपण म्हटलं, ते उगाच नाही.

या विधींना हसणं सोपं आहे, पण घोटाळा तिथे नाही. लग्न लावायला, माणूस गेल्यावर चार जणांनी जमायला काहीतरी रीत लागतेच. सत्यशोधक विवाहात फुल्यांनी भटजी वगळला, पण मंगलाष्टका नव्याने रचून दिल्याच की. (सत्यशोधक निरीश्वरवादी नव्हते, तो मुद्दा वेगळा.)

कोंतचं खरं चुकलं ते गादीपाशी. त्याच्या व्यवस्थेत पुरोहितांच्या तीन पायऱ्या, वर एक महापुरोहित, आणि पुढचा महापुरोहित नेमायचा तो आधीच्यानेच. निवडणूक नाही, चूक दुरुस्त करायची वाट नाही. आणि १८५७ साली कोंत गेला तो वारस न नेमताच. शिष्यांनी प्येर लाफितला पुढे केलं. १८७८ मध्ये लंडनचा रिचर्ड काँग्रीव्ह फुटला आणि इंग्लंडमधले अनुयायी दुभंगले. १८८३ मध्ये ब्राझीलचा मिगेल लेमूस वेगळा झाला. लाफितशी झालेल्या त्याच्या भांडणात एक मुद्दा गुलाम बाळगणाऱ्या सभासदाचा होता. लाफितने सबुरीने घेतलं, लेमूसने नाही. इथे कर्मठ माणूसच बरोबर होता, हे मान्य करायला हवं. पण बरोबर कोण हे ठरवायची सोयच नसल्याने प्रत्येक मतभेदाचा शेवट फुटीतच व्हायचा.

दुसरा बिघाड ग्रंथप्रामाण्याचा. ताऱ्यांचं रासायनिक स्वरूप माणसाला कधीच कळणार नाही, असं कोंतने १८३५ मध्ये लिहिलं होतं. तो गेल्यावर दोन-तीन वर्षांतच वर्णपटावरून सूर्यातली मूलद्रव्यं ओळखता येऊ लागली. वैज्ञानिकाचं विधान असं खोटं ठरलं तर ते खोडायचं, पुढे जायचं. धर्मसंस्थापकाचं विधान खोडायचं कोणी?

याची किंमत १९०४ साली रिओ द जानेरोत दिसली. सरकारने देवीची लस सक्तीची केली, तेव्हा विरोधकांत तिथलं प्रत्यक्षार्थवादी, म्हणजे कोंतच्या अनुयायांचं, चर्चही होतं. विज्ञानाची पूजा करणारं मंदिर लसीकरणाच्या विरोधात! त्यांचा युक्तिवाद असा: राज्यसत्तेने कुठलंही मत लादू नये, वैज्ञानिकसुद्धा. सक्तीपुरता तो अगदीच टाकाऊ नाही. पण जंतूंमुळे रोग होतात यावरही त्यांचा भरवसा नव्हता. पाश्चरचं काम मान्यता पावलं ते कोंतच्या पश्चात, पोथीत ते कुठून असणार?

उलट नॉर्वे बघा. तिथे चर्चच्या दृढीकरण विधीला (बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी वयात येताना श्रद्धा पक्की करण्याचा विधी) पर्याय म्हणून १९५१ पासून बिगरधार्मिक दृढीकरण होतं. वय तेच, पंधराच्या आसपास. आधी काही आठवड्यांचा वर्ग, त्यात नीतिप्रश्न, मानवी हक्क, चिकित्सक विचार. वसंतात समारंभ, भाषण, संगीत, प्रमाणपत्र, घरी जेवणावळ. १९५६ मध्ये स्थापन झालेला मानवतावादी संघ हे चालवतो. सरकार धार्मिक संस्थांना देतं तसं डोईमागे अनुदान या संघालाही मिळतं. नक्कल इथेही आहे, अगदी पैशाच्या हिशोबापर्यंत. फक्त संघाचं नेतृत्व निवडून येतं, आणि पुढच्या खेपेला मत देऊन बदलता येतं.