वीतभर पोर्शेवरची फुलपाखरं

अमेरिकन रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनची पोर्शे मॉडेलच्या मापात करायला घेतली, की रंगाच्याही आधी प्रश्न येतो तो कुठली गाडी करायची हा. कारण गाडी एक असली तरी तिच्यावरची चित्रं दोनदा काढली गेली. 1964 ची ही 356 सी कॅब्रिओलेट, म्हणजे उघड्या टपाची गाडी, जॅनिसने 1968 मध्ये जुनी घेतली, 3,500 डॉलरला. मग बँडचं सामान सांभाळणाऱ्या डेव्ह रिचर्ड्सला 500 डॉलर देऊन ती नखशिखान्त रंगवून घेतली: फुलपाखरं, कॅलिफोर्नियाचा निसर्ग, बँडमधल्या मंडळींचे चेहरे. 1970 मध्ये जॅनिस गेली. पुढे रंग खराब होऊ लागला म्हणून घरच्यांनी गाडी पुन्हा राखाडी केली, आणि नव्वदच्या दशकात दोन चित्रकर्तींकडून जुनं चित्र नव्याने काढून घेतलं. 2015 मध्ये लिलावात 17 लाख 60 हजार डॉलरला गेली ती गाडी अस्सल, चित्र मात्र नक्कल.

आपण करणार ती नकलेची नक्कल, आणि त्यात कमीपणा काही नाही. नव्या चित्राचे स्वच्छ फोटो सगळ्या बाजूंनी मिळतात. जुन्या फोटोंतले रंग फिल्मबरोबर उतरलेले असतात. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नये. मडगार्ड जुन्या फोटोवरून आणि दार नव्यावरून केलं, तर दाराच्या फटीशी चित्र जुळत नाही.

माप निवडताना कंजुषी नको. मूळ गाडी चार मीटरची. 1:24 मध्ये, म्हणजे मूळच्या चोविसाव्या हिश्श्यात, ती 167 मिलिमीटर होते, 1:16 मध्ये 250. दीड वीत रुंद असलेलं चित्रही इथे नखाएवढं होतं, आणि पंधरा सेंटिमीटरचं फुलपाखरू एकीकडे सहा मिलिमीटरचं, दुसरीकडे नऊचं. या तीन मिलिमीटरांत पंखावरचे ठिपके मावतात की नाही ते ठरतं. 1:16 मध्ये रेव्हेल कंपनीचं 356 कॅब्रिओलेटचं किट आहे, तेच घ्यावं.

बॉडी आधी भांड्यांच्या साबणाने धुवायची, साच्याचं तेलकटपण जायला हवं. दारं आणि बॉनेटच्या फटी रंगाआधीच रेघ कोरायच्या स्क्रायबरने थोड्या खोल कराव्यात, कारण प्रायमर (अस्तर), रंग, चित्र आणि क्लिअर (वरचा पारदर्शक हात) असे थर चढत गेले की त्या बुजतात. मग प्रायमर, त्यावर फिकट मोतिया लॅकर, म्हणजे थिनरमध्ये कालवायचा रंग: एक भाग रंग, दीड भाग थिनर, दोन-तीन पातळ हात. दोन दिवस वाळू द्यावं. चित्र मात्र पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकमध्येच, 10/0 च्या, म्हणजे अगदी बारीक टोकाच्या ब्रशने. चुकलं तर ओल्या कापूसकाडीने लगेच पुसता येतं आणि खालचं लॅकर हलत नाही. उलटं केलं, अ‍ॅक्रिलिकवर लॅकरचा ब्रश फिरवला, तर खालचं चित्र विरघळून चिखल होतो.

चेहरे हाताने काढण्याचा हट्ट सोडावा. ते पारदर्शक डेकल पेपरवर, म्हणजे पाण्यात भिजवून चित्र सरकवून चिकटवायच्या कागदावर, छापावेत. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून चेहऱ्याखाली आधी पांढरा ठिपका रंगवून घ्यावा. छापलेला कागद रात्रभर वाळवून त्यावर क्लिअरचे दोन-तीन हलके फवारे मारले नाहीत, तर पाण्यात शाई पसरते. आणि मोठा डेकल एकसंध लावायचाच नाही. 356 ला सपाट जागा जवळपास नाहीच. नारळाला कागद गुंडाळून पाहावा, सुरकुत्या कुठे पडतील ते कळतं. चित्राच्या रेषांवरूनच तुकडे कापावेत, डेकल मऊ करणारा सॉफ्टनर लावावा आणि तो वाळेपर्यंत बोट लावू नये.

क्लिअर कोटला आळस करणाऱ्यांनी मूळ गाडीचीच एक हकिकत ऐकावी. जॅनिसच्या हयातीतच गाडी चोरीला गेली आणि चोराने ओळख लपवायला तिच्यावर राखाडी रंग मारला. रिचर्ड्सने चित्रावर क्लिअर मारून ठेवलं होतं, म्हणून चित्राला धक्का न लावता राखाडी काढता आला.

मॉडेलवर क्लिअर लॅकर ब्रशने नाही, फवाऱ्यानेच द्यायचं; पहिले तीन हात नुसते धुक्यासारखे, मध्ये दहा-दहा मिनिटं. एकदम ओला हात दिला की डेकल आक्रसतो आणि खालचं अ‍ॅक्रिलिकही विरघळतं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे काम काढूच नये: थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि क्लिअर दुधाळ होतं. झालंच तर कोरड्या दिवशी, वाळणं लांबवणारा रिटार्डर घालून आणखी एक पातळ हात द्यावा, बहुतेक वेळा डाग विरतो. उरलाच तर 2000 नंबरचा वॉटर पेपर, पण मडगार्डच्या फुगवट्यांना तो लावायचा नाही. तिथे क्लिअर सगळ्यात पातळ असतं आणि दोनदा घासलं की फुलपाखराचा पंख जातो.