भिंतीचं पोट आणि काउंटरवरचे तीन आठवडे

नागपुरात मनीषनगरातल्या एका फ्लॅटचे फोटो काढून दिले आणि संध्याकाळीच मालकांचा फोन, "भाऊ, भिंतीला पोट कायनं आलं?" पाहतो तर खरंच. कडेची चौकट बाहेर फुगलेली, टाइल्सच्या रेघा कमानीसारख्या. लेन्स १४ मिमीची, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारी वाइड, तीही सेकंडहँड. म्हटलं, फसलो.

गेलो सर्व्हिस सेंटरला. टोकन, फॉर्म, "बुधवारी या." बुधवारी इंजिनिअर जेवायला गेलेले. मे महिन्याचं ऊन, डोक्याला दुपट्टा, सीताबर्डीत गाडी लावायला जागा नाही. चौथ्या खेपेला उत्तर, "चेक करून राहिले ना भाऊ, घाई कायची?" तीन आठवड्यांनी चिठ्ठी मिळाली: दोष आढळला नाही. तपासणीचे पैसे वेगळे. वाकडी चौकट दाखवली तर म्हणे, "वाइड लेन्स आहे, असंच राहते." का राहते, ते सांगायला मात्र कोणी तयार नाही.

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मध्यापासून कडेकडे जाताना ही लेन्स प्रतिमा कमी-कमी मोठी करते, म्हणून कडेची रेघ बाहेर फुगते. बरोबर मधोमध जाणारी रेघ सरळच राहते. शेवटी मीच विटांच्या भिंतीसमोर ट्रायपॉड अगदी काटकोनात लावला आणि दहा मिनिटांत खात्री केली. दोन्ही बाजू सारख्या फुगत असतील तर लेन्सची रचनाच तशी. एकच बाजू धूसर येत असेल तर आतली काच सरकलेली असू शकते. तेव्हाच काउंटरची पायरी चढा. अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफ/११ इतकं बारीक केलं तरी फुगवटा हलत नाही, तो नाद सोडा.

मग माझी जुनी किट लेन्स, कॅमेऱ्यासोबतच मिळालेली, शहाणी होती का? छे! तिचा फुगवटा कॅमेराच गुपचूप सपाट करत होता. ही मॅन्युअल, कॅमेऱ्याला तिची ओळखच पटत नाही. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचं प्रोफाइल, म्हणजे त्या लेन्सच्या फुगवट्याची तयार दुरुस्ती, हाताने निवडावं लागतं. आधी मी नुसता फुगवटा कमी करायचा स्लायडर ओढत बसलो होतो: रेघेचा मधला भाग सरळ झाला की कोपरे उलटे वळायचे, मिशीसारखे. प्रोफाइल लावलं आणि चौकट ताठ.

हो, दुरुस्तीत कडा कापल्या जातात, फोटो काढतानाच थोडी जागा सोडा. कॅमेरा वर झुकवल्यावर इमारत मागे पडल्यासारखी दिसते ते प्रकरण वेगळं, प्रोफाइलने जात नाही. आणि फुटाळा तलावावर पाण्याची रेघ फ्रेमच्या मध्यावर धरली तर काहीच करावं लागत नाही.

मालकांना नवे फोटो पाठवले. तोवर फ्लॅट त्यांच्या मोबाइलमधल्या फोटोंवरच भाड्याने गेला होता.