अठरा पैशांचं पाणी

रविवार, रात्री

मृग कोरडा गेला, आर्द्राही निम्मं सरलं. भेटेल तो विचारतोय, "उजनी प्लसमध्ये आली का?" म्हणजे धरणाचं पाणी मृतसाठ्याच्या वर चढलं का. सोलापूरकर स्वतःच्या डोक्यावरचं आभाळ बघत नाही, दौंडहून उजनीत येणारा विसर्ग बघतो. आमचं धरण भरतं ते पुण्याकडच्या घाटातल्या पावसावर.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर पुन्हा तोच विषय निघाला: पाऊस पाडायला सरकार विमान का पाठवत नाही? तो प्रयोग तर इथेच झालाय. 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं सोलापूरच्या आभाळातले 276 ढग निवडले. काहींच्या तळाशी विमानातून कॅल्शियम क्लोराईडचे कण सोडले, काही तुलनेसाठी तसेच ठेवले. हे कण बाष्प ओढून घेतात, थेंब मोठे होतात आणि जड झाले की पडतात. 2023 मध्ये निष्कर्ष आले: पाऊस सुमारे 18 टक्के जास्त, आणि असं मिळालेलं पाणी लिटरमागे 18 पैशांना. मेहनतीचं, चोख काम आहे ते, मला त्याबद्दल आदर आहे. पण त्याला आधी ढग लागतो. कोरड्या आभाळातून विमान पाऊस काढू शकत नाही, आणि दुष्काळात नेमका ढगच नसतो.

विमानं ढग पळवतात, असं गावाकडे अजूनही ऐकू येतं. त्याला शास्त्राचा आधार नाही. तरी त्या संशयाला मी हसणार नाही. 1967 ते 1972 या काळात अमेरिकेनं व्हिएतनाम युद्धात शत्रूच्या वाटा चिखलात घालायला ढगांत कण सोडून पाऊस पाडायचं तंत्र वापरलं होतं.

त्या 18 पैशांवरून जेवणानंतर वहीत हिशेब मांडला. किलोभर साखरेला, शेतातल्या उसापासून धरलं तर, ढोबळमानानं दोन हजार लिटर पाणी लागतं. 18 पैशांनी झाले 360 रुपये. वाण्याकडे तीच साखर पन्नासच्या आत मिळते. सुती टीशर्टला 2700 लिटर सांगतात, म्हणजे 486 रुपयांचं नुसतं पाणी. नवी पेठेत सेलमध्ये तो 199 ला टांगलेला असतो. मधला फरक कुणीतरी भरतंच. आमची गल्ली भरते. चार-पाच दिवसांआड नळ येतो, तोही अवेळी. दारादारात निळी पिंपं, त्यावर फडकं बांधलेलं, आणि पाणी आलं की बायका झोपेतून उठून मोटार लावतात. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली होती, तरी कालव्याकाठी ऊस उभाच होता. मला याचा राग येतो. आभाळाकडून जास्तीचं मागायच्या आधी खालच्या पाण्याचं काय केलं, हे आम्ही एकमेकांना विचारतच नाही.

या मातीनं कमी पावसात जगायची रीत बसवली होती. आमच्याकडे खरा पाऊस सप्टेंबरातला. त्यावर मालदांडी, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायची. पुढे एक थेंब नाही पडला तरी काळ्या रानातल्या ओलीवर आणि थंडीवर ती कणसात येते, वर कडबाही देते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे.

रात्री मामांना फोन केला. त्यांचं रान तिकडेच. पाच एकर ज्वारीचं होतं, आता सगळा ऊस.

"काढायला माणूस मिळंना, पाखरं राखायला कोण नाही," मामा म्हणाले. "उसाला एफआरपी, सरकारचा किमान दर, तर ठरलेली असती. तूच सांग, काय लावू?"

मी म्हटलं, "मामा, यंदा दोन एकर मालदांडी पेरा. आमच्या गल्लीतली चार घरं मिळून घेतो. दर तुम्ही सांगा, घासाघीस करणार नाही."

"चार घरांनी दोन एकराचं काय होतंय बाळा? बाजारात दर किती निघंल, ते बोल."

उद्या गल्लीत आणखी किती घरं तयार होतात, ते विचारणार आहे.