पाकळीचा ल

बडोद्याच्या रावपुऱ्यात आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जुनं मशीन घेऊन येणाऱ्यांचं बोलणं ठरलेलं असतं: चालूच होत नाही, मधेच अडकतं, विंडोज टाकून द्या, फोटो तेवढे वाचवा. "यावर मराठी पुस्तकं वाचायची आहेत आणि अक्षर नीट दिसलं पाहिजे" असं म्हणत या काकांआधी कुणी आलेलं मला आठवत नाही.

काका दांडिया बाजारातले. आयुष्य छापखान्यात गेलं, आधी खिळे जुळवण्यात आणि मग प्रुफं वाचण्यात. पिशवीतून त्यांनी दहा इंची नेटबुक काढलं. ॲटम एन २७०, म्हणजे २००८ च्या सुमाराची पिढी. ३२ बिटचा प्रोसेसर, एक जीबी रॅम, १०२४ बाय ६०० चा पडदा, आणि आत विंडोज एक्सपी, ज्याला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्येच राम राम केला. नात टॅबलेट घेऊन देत होती, तो यांना नको. "चुकून बोट लागलं की पान पळतं. पुस्तकानं कसं पडून राहावं."

माझा भागीदार गुजराती. त्यानं काउंटरमागूनच मला हळूच सांगितलं, "अरे छोड ने यार, सारुं टॅबलेट पकडावी दे." म्हणजे, सोड रे, चांगलासा टॅबलेट हातात दे. धंद्याच्या हिशोबानं त्याचं बरोबर होतं.

हार्डवेअरचं काम लिहिण्यासारखं नाही. रॅम दोन जीबी केली. या चिपसेटला त्याहून जास्त चालत नाही, तरी चार जीबीची पट्टी विकत घेऊन 'हीच बसवा' म्हणणारे येतातच. हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली आणि ३२ बिटचं अँटिएक्स टाकलं, म्हणजे हलकं लिनक्स, डेबियन १२ या मोठ्या लिनक्सवर बेतलेलं. डेबियन १३ आलं ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आणि त्यात ३२ बिट मशीनसाठी इन्स्टॉलरच नाही. म्हणजे या नेटबुकाचा प्रवास इथवरच. पण ज्या मशीनला इंटरनेट लावायचंच नाही, त्याला त्याचं काय? बाहेरच्या माणसाला कळणार नाही अशी कटकट वेगळीच असते: पडदा ६०० पिक्सेल उंच, त्यामुळे सेटिंगच्या खिडक्यांचं 'ओके' बटण पडद्याच्या खाली जातं, दिसतच नाही. अल्ट दाबून धरायचं आणि अख्खी खिडकी माऊसनं वर ओढायची. हे माहीत नसलेली पोरं 'सेटिंग सेव्हच होत नाही' म्हणून तासभर घालवतात.

खरी गंमत वाचायच्या सॉफ्टवेअरपासून सुरू झाली.

हलका ईबुक रीडर शोधायला गेलं की ज्या याद्या सापडतात, त्यांचा हिशोब एकच असतो: रॅम किती खातो. कॅलिबर हे ईबुकांचं सॉफ्टवेअर मला फार प्रिय आहे. कोविद गोयल यांनी २००६ पासून ते कसोशीनं वाढवलंय आणि फुकट दिलंय. पण २०१९ मधल्या चौथ्या आवृत्तीपासून त्याचा वाचक, म्हणजे पुस्तक दाखवणारा भाग, आतून क्रोमियम ब्राउझरचं इंजिन वापरतो. कादंबरीचं एक पान दाखवायला अख्खा ब्राउझर जागा करायचा, हे या ॲटमला झेपणारं नाही. शिवाय सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, त्यांच्याकडून ३२ बिटचं कॅलिबर मिळतच नाही. फोलिएट दिसायला सुरेख, पण त्याच्याही पोटात वेबकिट, तेही ब्राउझरचंच इंजिन. ओक्युलर मागितलं तर ते केडीई या जड डेस्कटॉपचं सगळं गणगोत बरोबर घेऊन येतं.

मग मी आमची जुनी युक्ती काढली. ईबुकाची ईपब फाईल म्हणजे दुसरं काही नाही, एक झिप असते. उघडली की आत साध्या वेबपानांसारखी पानं. ती डिलोसारख्या पिटुकल्या ब्राउझरमध्ये लावली की झालं. क्लिक केल्याबरोबर पान हजर. मी अभिमानानं नेटबुक काकांकडे वळवलं.

त्यांनी चष्मा वर केला, खिशातली पेन्सिल काढली आणि तिचं मागचं टोक पडद्यावर टेकवलं. "वेलांटी कुठे पडलीय बघ."

'दिवस' मधली वेलांटी द च्या पुढे जाऊन उभी होती. 'प्रकाश' मध्ये प चा पाय मोडलेला आणि र त्याच्या शेजारी सुटा. सगळं पान तसंच. वेग बघण्याच्या नादात मी अक्षरं बघितलीच नव्हती. त्यांनी वेग बघितला नाही.

देवनागरी नुसती एकामागून एक अक्षरं मांडून होत नाही. वेलांटी आधी काढायची, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवायचा, अर्धी अक्षरं जोडायची. आज बहुतेक ठिकाणी हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. इंग्रजीला तिच्याविना चालून जातं. त्यामुळे सॉफ्टवेअर हलकं करायला बसलेले लोक जे आधी काढून टाकतात, त्यात आमची जोडाक्षरं जातात, आणि मग त्या यादीत त्याला पाच तारे मिळतात. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या वाचकांचीही हीच रड.

म्यूपीडीएफ मात्र शहाणं निघालं. छोटं, चपळ, ईपब उघडतं, आणि हार्फबझ पोटात आहे. वेलांट्या जागेवर, रफार डोक्यावर. मला वाटलं, झालं काम.

"हा ल कुणाचा?" काका म्हणाले.

पडद्यावर दंडाचा ल होता, हिंदीत असतो तो. श सुद्धा तिकडचाच. मराठीला पाकळीचा ल आणि देठाचा श लागतो. महाराष्ट्र शासनानं २०२२ मध्ये निर्णय काढून तसं पुन्हा बजावलं. काकांना त्या निर्णयाची गरज नव्हती. त्यांनी ही अक्षरं खणातून चिमटीत उचलून ओळीत बसवलेली. "वाचता येतंय की," असं मी म्हणून पाहिलं. "वाचता तर गुजरातीही येतं मला," ते म्हणाले.

चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही ल असतात. कुठला दाखवायचा हे फाईलमधल्या भाषेच्या खुणेवरून ठरतं: 'एमआर' असेल तर मराठी वळण. मी फाईल उघडून बघितली. अख्ख्या मराठी कादंबरीच्या कपाळावर 'ईएन', म्हणजे इंग्रजी. दुसऱ्या पुस्तकावर हिंदी. विकत घेतलेली पुस्तकं ही. बनवणाऱ्यानं दोन अक्षरं बदलायची तसदी घेतली नाही, कारण त्याच्या फोनवर दिसलं, वाचता आलं, विषय संपला.

इथे मी दिशा बदलली. नेटबुकाला पेलेल असा वाचक शोधत बसण्यापेक्षा पुस्तकच त्याला पेलेल असं करायचं. दुकानातल्या दणकट मशीनवर कॅलिबर आहेच. तिथे भाषेची खूण सुधारायची, मनासारखा फॉन्ट लावायचा आणि नेटबुकाच्या पडद्याएवढ्याच पानाची पीडीएफ काढायची. क्रोमियमचं जे इंजिन नेटबुकाला जड होतं, तेच इथे जोडाक्षरं, ल, श सगळं नीट बसवून देतं. पीडीएफमध्ये अक्षरं आपापल्या जागी पक्की झालेली असतात, नेटबुकाला फक्त ती रंगवायची. हिशोब करायचा नाही, फॉन्ट शोधायचा नाही.

पीडीएफ निघेपर्यंत काका मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाबद्दल बोलत बसले. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणवला, ते मला ऐकून माहीत होतं. पण आतल्या लोखंडी मांडण्यांमधली जमीन काचेची का, हे कधी विचारलं नव्हतं. "उजेड खालच्या मजल्याला पोचावा म्हणून," ते म्हणाले. "आणि तू मला रॅम सांगतोस."

पीडीएफ निघाली. ल पाकळीचा, श देठाचा. काकांनी दोन पानं वाचली आणि पेन्सिल पुन्हा बाहेर. 'दुसर्या'. 'सार्या'. 'बिचार्या'.

हा दोष माझ्या मशीनचा नव्हता, मूळ फाईलचाच. 'दुसऱ्या' मधला तो आडवा, भुवईसारखा र टाईप करायचे दोन मार्ग आहेत. त्यातल्या एकात र, मोडका पाय आणि त्यामागे एक न दिसणारी जोडखूण लागते. कुठल्याशा रूपांतरात कुणीतरी 'रिकामी अक्षरं' म्हणून या सगळ्या खुणा झाडून काढल्या, आणि भुवईचा रफार झाला. शोधा-बदला करून एका फटक्यात दुरुस्त होत नाही, कारण 'कार्य', 'पर्याय', 'सूर्य' यांतला रफार खरा आहे. सरसकट बदललं तर सूर्याची वाट लागेल.

मग आम्ही बसलोच. कॅलिबरच्या संपादकात 'र्य' आणि 'र्ह' असलेले सगळे शब्द काढले, एकेकदाच येतील अशी यादी केली आणि मी एकेक वाचत गेलो. "पर्यंत?" "ठेव." "पुढार्यांनी?" "बदल." "आश्चर्य?" "ठेव." "तर्हा?" "बदल." "आर्या?" इथे ते थांबले. "कवितेचं वृत्त आहे की टोचायच्या आरीचं अनेकवचन, आऱ्या?" वाक्य काढून बघितलं, चांभाराच्या आऱ्या निघाल्या. असली शंका कुठल्याही स्पेलचेकरला आली नसती. दुकानात पोरगा चहा ठेवून गेला तो तसाच निवला, मधे दोन गिऱ्हाइकं ताटकळून परत गेली, आणि भागीदाराच्या चेहऱ्याकडे मी बघायचं टाळलं.

आता नेटबुकावर ही पीडीएफ दाखवणार कोण? म्यूपीडीएफचा या मशीनवर चालणारा साधा अवतार बंद केला की पान विसरतो. लक्षात ठेवणारा जो अवतार आहे तो ओपनजीएल या ग्राफिक्सच्या पद्धतीवर चालतो आणि या नेटबुकाला जड जातो. म्हणून झाथुरा बसवलं. त्याला मेनू नाही, बटणं नाहीत, म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. काकांसाठी तोच गुण ठरला, चुकून दाबायला काही उरतच नाही. पान कुठलं होतं, किती मोठं केलं होतं, कसं फिरवलं होतं, सगळं ते लक्षात ठेवतं.

फिरवलं होतं, कारण काकांनी नेटबुक आडवं वापरायला नकार दिला. पडदा रुंद आणि बुटका, पुस्तकाचं पान उभं. तर नेटबुकच कुशीवर उभं करून पुस्तकासारखं उघडायचं, एका पानावर कीबोर्ड आणि दुसऱ्यावर मजकूर. झाथुरात 'आर' दाबलं की पान पाव फेरी फिरतं. आधी मी पडदा डावीकडे येईल असं धरलं, एकदाच 'आर' पुरत होता. पण या मॉडेलची गरम हवा डाव्या बाजूच्या जाळीतून बाहेर पडते, आणि तसं धरलं की ती जाळी बरोबर मांडीवर. काकांनी धोतर आवरलं. मग उलट बाजूनं: पडदा उजवीकडे, जाळी वर, 'आर' तीनदा. रुंदी पाच इंचांच्या किंचित वर, उंची पावणेनऊ. डेमी आकाराच्या पानाचे समास कापले तर मजकूर छापील पुस्तकापेक्षा मोठा दिसतो. टचपॅड बंद करून टाकलं. पुढचं पान स्पेसबारवर.

त्यांच्या छापखान्यातल्या जुन्या पीडीएफ होत्या, श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरच्या काळातल्या, त्या नुसते समास कापून चालल्या. त्यांचं ईपब करायला गेलं तर अगम्य चिन्हांचा चिवडा निघतो, कारण ती अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या ठरलेल्या अक्षर-संकेतांत, नाहीतच. दिसतात तशी राहू दिली.

बिलाच्या वेळी मी एसएसडी आणि बसवण्याचे पैसे सांगितले. काका म्हणाले, "आणि पुस्तकाचे? आम्हाला प्रुफाचे फॉर्मावर मिळायचे, सोळा पानांचा फॉर्म. तू कशावर घेतोस?" भागीदारानं मान वर केली. मला उत्तर आलं नाही. शब्दांची अर्धी पारख त्यांनीच केली होती. त्या हिशोबानं मीच त्यांना देणं लागत होतो.

गोष्ट तिथे मिटली असती तर मी लिहायला बसलो नसतो. पुढच्या खेपेला काकांनी पेन ड्राइव्हमधून स्कॅन केलेली जुनी पुस्तकं आणली. नेटवरून उतरवलेली, आत जेपेग २००० नावाच्या प्रकारातली चित्रं, एकेक पान उघडायला नेटबुक दम खातं. मी ती नुसती काळी-पांढरी करून डेजाव्हू या स्कॅनसाठीच्या फाईल-प्रकारात बनवली. फाईल एकदम छोटी, पान झटकन. नमुना बघून काकांनी अनुस्वारांकडे बोट केलं. बारीक ठिपके कचरा समजून साफ करणारा पर्याय मी चालू ठेवला होता, आणि पानभर अनुस्वार गेले होते. आता तो बंद करून, काळ्या-पांढऱ्याची सीमा थोडी सरकवून पुन्हा पानं काढली आहेत. अनुस्वार आलेत, त्यांच्यासोबत कागदावरचे डागही आलेत, आणि दोन्ही ठिपके सारख्याच आकाराचे आहेत. वेगळे कसे करायचे ते अजून सुचलेलं नाही. भागीदार म्हणतो, डोसाला (गुजरातीत म्हाताऱ्याला) डाग चालतील. डोसाला विचारायचं बाकी आहे.