बसऱ्याची घागर

मी १९८३च्या दहावीचा. अंकासाठी लिहा म्हणून शाळेचा फोन आला तेव्हाच ओळखलं, बाकीचे मित्र गॅदरिंगवर आणि छडीवर लिहिणार. छड्या मीही खाल्ल्या, पण मला आठवतो तो चावडीच्या भिंतीतला दगड.

हातभर संगमरवरी पाटी. दर दिवाळीला भिंतीबरोबर तिच्यावरूनही चुन्याचा कुंचला फिरायचा, त्यामुळे तिथे पाटी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. इतिहासाच्या सरांना कसं कळलं, देव जाणे. नववीची परीक्षा संपल्यावर त्यांनी आम्हा सात-आठ पोरांना बादल्या घेऊन बोलावलं. एकानं घरून चिंच आणली होती, दुसऱ्यानं तारेची घासणी. सरांनी दोन्ही परत पाठवलं. आंबटानं संगमरवर खाल्ला जातो म्हणाले. नुसतं पाणी आणि जुन्या धोतराचा बोळा. दोन सकाळी गेल्या तेव्हा कुठे अक्षरं लागली: १९१४ ते १९१९च्या महायुद्धात या गावातून इतके इसम गेले, त्यांतले तीन मेले. नाव एकाचंही नाही.

आठवड्यावर आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. सर म्हणाले, आखाजीला आपण पितरांची घागर भरतो, या तिघांची कोण भरतं? तीन घागरी मांडू या.

मला ते पटलं नाही. आमच्या वर्गात शिरीषकुमारची तसबीर होती. ९ सप्टेंबर १९४२ला नंदुरबारला इंग्रजांच्या गोळीनं गेलेलं पोर, आमच्याच वयाचं. मी उठून विचारलं, "सर, हे तर इंग्रजांकडून लढले. यांची कसली घागर?" छडी बसेल असं वाटलं होतं. सर एवढंच म्हणाले, "खालच्या आळीत जा. वडाखाली बाबा बसतात, त्यांना विचार."

बाबांचं वय सत्तरीच्या आसपास. त्यांनी माझा प्रश्न ऐकला, तंबाखू मळली आणि म्हणाले, "मना बाप बसराले गया, तव्हय मी मायना पोटमा व्हतू. परत उना नही." (बसरा म्हणजे इराकमधलं बंदर.) मग पितळी थाळीचं सांगितलं. सरकारनं पाठवली होती, वीतभर रुंदीचीही नव्हती, वर बाईचं आणि सिंहाचं चित्र आणि बापाचं नाव. "दुष्काय पडना. मायनी ती मोडमा दिधी, तांब्या लिधा." त्या तांब्यातलंच पाणी मला प्यायला दिलं.

सरांनी नंतर वर्गात सगळं उलगडून सांगितलं. पायदळातल्या शिपायाला तेव्हा महिन्याला ११ रुपये मिळत. पुण्याची सहावी डिव्हिजन इराकमध्ये गेली, तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५मध्ये कूत गावात तिला तुर्कांनी कोंडलं. दाणागोटा संपला, घोडे कापले. पुष्कळ हिंदी शिपायांनी बरेच दिवस ते मांस तोंडाला लावलं नाही. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली, आणि कैदेत उपासानं, रोगानं, रेल्वेच्या सक्तीच्या कामावर हजारो गेले. ती पितळी थाळी खरं तर काशाची, आणि तिच्यावर नावाशेजारी मुद्दाम हुद्दा घालत नसत, साहेब असो की शिपाई. हे मात्र मला फार पुढे कळलं.

त्या आखाजीला चावडीपुढे तीन घागरी मांडल्या. वर खरबूज, सांजोरी, आंबा. एक मी भरली.

पुढे मी फौजेत गेलो, सिग्नल्समध्ये. नागालँडला पोस्टिंग असताना कोहिमाचं युद्धस्मशान पाहिलं. १९४४ची लढाई तिथे डेप्युटी कमिशनरच्या टेनिस कोर्टावर आली होती. कोर्टाच्या रेघा अजून पांढऱ्या सिमेंटनं आखून ठेवल्यात. १,४२० थडगी, आणि वर टेकडीवर ज्यांचं दहन झालं अशा ९१७ हिंदू-शीख जवानांचं स्मारक. गवत कातरलेलं, फुलझाडं ओळीत. माळी गुडघ्यावर बसून एकेक पाटी ओल्या फडक्यानं पुसत होता. मला आमचा धोतराचा बोळा आठवला. बहुतेक पाट्यांवर नाव होतं.

हे सगळं सांभाळणारा आयोग, आजचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, १९१७मध्ये निघाला. हुद्दा, वंश, धर्म न पाहता सगळ्यांना सारखी आठवण द्यायची हा त्याचा नियम. तरी बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांचा नुसता आकडा. आमच्या चावडीसारखाच. २०२१मध्ये आयोगानं स्वतःच्या समितीच्या अहवालावरून हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना. मला राग येतो तो त्या नियमाचा नाही, नियम उत्तम होता.

आता आयोगाच्या संकेतस्थळावर शिपायांची नावं शोधता येतात. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, 'पूर्व खानदेश' असं लिहिलेलं असतं. निवृत्तीनंतर मी त्यात दोन हिवाळे घातले. बाबांच्या वडलांची नोंद सापडली. बाबा तोवर राहिले नव्हते. नातवाला कागद दिला, त्यानं तो देव्हाऱ्यात ठेवला. यंदाच्या आखाजीला त्याच्या घरी घागर नाव घेऊन भरली.

दोघांची नावं शोधायची राहिलीत. चावडी पाडली तेव्हा सरांनी तो दगड बैलगाडीतून शाळेत आणवला. वाचनालयाच्या ओट्यावर आहे, पोरं त्यावर जेवणाचे डबे ठेवतात. ठेवू देत, फक्त चुना लावू नका. आणि गावात कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत जुनं पदक, पेन्शनचं पुस्तक किंवा तशी थाळी पडली असेल, तर मोडीत घालण्याआधी एकदा मला दाखवा. निदान त्यावरचं नाव तरी उतरून घेऊ द्या.